पूर्वपक्षाचा मान

2016 साली जे गारफील्ड आणि ब्रायन व्हॅन नॉर्डन या अमेरिकेतील दोन तत्त्वज्ञांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून आपल्या देशातील विद्यापीठांना एक खोचक सूचना केली. जे विभाग केवळ युरोप-अमेरिकेतील विचारवंत शिकवितात, त्यांनी 'तत्त्वज्ञान विभाग' ही पाटी उतरवावी आणि 'युरोपीय व अमेरिकन तत्त्वज्ञान विभाग' अशी प्रामाणिक पाटी लावावी, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडील सुशिक्षितांस या सूचनेने समाधान वाटावे हे स्वाभाविकच आहे. नागार्जुन आणि गंगेश यांना वगळून तर्काचा इतिहास सांगणे अन्यायाचे आहे, असे आपण पुष्कळ वर्षे म्हणत आलो आहो. परंतु दुसऱ्याच्या दारावरची पाटी वाचून झाल्यावर स्वतःच्या दाराकडे पाहणे क्रमप्राप्त ठरते. खुद्द मराठीत जो तत्त्वविचार झाला, त्याला आपल्या विद्यापीठीय तत्त्वज्ञानाने कोठे बसविले आहे?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः नावे मोजून देण्यात येते, आणि नावे मोजली तर चित्र निराशाजनक नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या 2019 साली लागू झालेल्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात अर्वाचीन भारतीय विचारवंतांचा एक घटक आहे. त्यात विवेकानंद, अरविंद, टागोर आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्या पंक्तीस नारायण गुरू, आंबेडकर आणि जोतीराव फुले यांनाही स्थान मिळाले आहे. त्या घटकात एकही स्त्री नाही ही उणीव आहेच. तरीही पूर्वीच्या मानाने ही प्रगती मानावी लागेल. मात्र फुल्यांच्या नावापुढे विषय म्हणून काय दिले आहे ते पाहिले की मन साशंक होते. तेथे जातिव्यवस्थेची चिकित्सा एवढाच विषय आहे. ज्याने सत्य, ईश्वर, धर्मग्रंथ, प्रारब्ध, स्वर्ग आणि नीती यांवर एक संपूर्ण ग्रंथ रचला, त्याच्या वाट्याला एकच प्रश्न आला, आणि तोही त्याच्या जन्माशी निगडित असलेला! आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा कचेरीशी संबंध आहे. आवक नोंदवहीत नोंद झाली म्हणजे प्रकरणाचा विचार झाला असे होत नाही, हे त्यांना निराळे सांगावयास नको.

मग विचार होणे म्हणजे काय? याचा निकष बाहेरून आणण्याचे कारण नाही. भारतीय दर्शनांच्या परंपरेत विचारवंताचा खरा मान त्याला पूर्वपक्ष करण्यात आहे. प्रतिपक्षाचे मत त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडावे, मग त्यावर आक्षेप घ्यावे, आणि आक्षेप टिकले तरच सिद्धांत स्थापावा, अशी ती रीत होती. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांना चार्वाकाचे मत मुळीच मान्य नव्हते. तरी 'सर्वदर्शनसंग्रहा'चा आरंभ त्यांनी चार्वाकापासूनच केला. चार्वाकाचे स्वतःचे ग्रंथ लुप्त झाले, हे दुर्दैव आहे. परंतु खंडनासाठी का होईना, त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, म्हणूनच आज त्याच्याविषयी काही सांगता येते. फुल्यांचे ग्रंथ तर उपलब्ध आहेत. त्यांच्या वाट्याला हा मान किती आला?

इतिहास पाहता असे दिसते, की फुल्यांच्या वाट्याला प्रथम उपहास आला आणि पुढे वंदन आले; या दोहोंच्या मध्ये जो वाद व्हावयास हवा होता, तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात फारसा झालाच नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेची व व्याकरणाची थट्टा केली. भाषा अशुद्ध ठरली की विचाराकडे लक्ष देण्याची जबाबदारी उरत नाही, ही युक्ती जुनीच आहे. आज पुतळे, जयंत्या आणि विद्यापीठांची नावे यांची वाण नाही. पण पुतळ्याशी कोणी वाद घालीत नाही. उपहास आणि वंदन वरकरणी परस्परविरुद्ध भासतात. वस्तुतः दोहोंचा परिणाम एकच होतो: ग्रंथ न उघडता चालते.

पंगतीत नुसते बोलावल्याने प्रश्न सुटत नाही, हे स्वतः फुल्यांनी ओळखले होते. 1885 साली पुण्यात भरलेल्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून त्यांना आले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार दिला. ज्यांचे ग्रंथ सर्वांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभेशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. हा नकार रुसव्याचा नव्हता. सभेत कोण बसणार याच्या आधी सभेत कोणते प्रश्न विचारता येणार हे ठरले पाहिजे, असा तो तात्त्विक आग्रह होता.

आता प्रत्यक्ष ग्रंथाकडे वळू. 1888 साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर फुल्यांनी डाव्या हाताने लिहिलेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर, 1891 साली प्रसिद्ध झाले. रचना प्रश्नोत्तरांची आहे. प्लेटोचे संवाद आणि मिलिंदप्रश्न ज्यांना तत्त्वज्ञान वाटते, त्यांना या रचनेचे वावडे असू नये. फुल्यांच्या मते सर्व विश्वाचा एक 'निर्मिक' आहे; त्याने स्त्रीपुरुषांस जन्मतः समान हक्क दिले आहेत; कोणताही एक धर्मग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत सत्य नाही, कारण ते सर्व मनुष्यांनी त्या त्या काळी रचिले. सत्यवर्तनाची 33 कलमे त्यांनी दिली आहेत. टॉमस पेनचा प्रभाव त्यांच्यावर होता, पण त्याच ग्रंथात एक कल्पना अशी आहे की जी पेनमध्ये शोधून सापडावयाची नाही. एकाच कुटुंबात पत्नीने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, पतीने ख्रिस्ती, कन्येने मुसलमान आणि पुत्राने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे, आणि तरीही सर्वांनी परस्परांचा द्वेष न करता एका घरात नांदावे!

या कल्पनेचे कौतुक पुष्कळ होते, परंतु तिच्यातील अडचण क्वचितच दाखविली जाते. मानवी हक्कांचा आधार निर्मिक असेल, तर त्या घरातील बौद्ध पत्नीचे काय? तिच्या धर्माला सृष्टिकर्ता मान्य नाही. तेव्हा दोहोंपैकी एक मानणे भाग आहे. एक तर सत्यवर्तन निर्मिकावाचूनही स्वतःच्या पायावर उभे राहते, आणि मग फुल्यांच्या रचनेतील निर्मिक अनावश्यक ठरतो; किंवा ते त्याच्यावाचून उभे राहत नाही, आणि मग ती पत्नी त्या घरात समान हक्काची न राहता केवळ सहन केलेली पाहुणी ठरते. फुल्यांनी या पेचाचे स्पष्ट उत्तर दिलेले नाही. पण पेच निर्माण होतो तो विचार खोल आहे म्हणूनच. ज्या विचाराला पाया नाही त्याच्या पायाविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही.

या प्रश्नाचा उत्तरपक्षही मराठी माणसानेच मांडला आहे. आंबेडकरांनी 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ फुल्यांना अर्पण केला. 1957 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, इतर धर्मांत जे स्थान ईश्वराचे ते धम्मात नीतीचे, अशी भूमिका त्यांनी घेतली. म्हणजे गुरूच्या घरातील त्या बौद्ध पत्नीची बाजू शिष्याने पुढे चालविली. त्याचबरोबर, नीतीला आधार कशाचा, हा प्रश्न त्यांच्याही दारात येऊन उभा राहतो. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि त्यावर पुन्हा आक्षेप, अशी ही सलग मालिका आहे. अभ्यासक्रमातील 'जातिव्यवस्था' आणि 'नवबौद्ध विचार' या दोन सुट्या मथळ्यांत ती दिसूच शकत नाही.

दाराशी थोडे काढून ठेवून मगच आत घेण्याची ही पद्धत नवी नाही. गुरुदेव रानड्यांनी 1933 साली महाराष्ट्रातील गूढवादावरचा आपला इंग्रजी ग्रंथ भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा एक खंड म्हणून प्रसिद्ध केला आणि त्यात चोखामेळा व जनाबाई यांना स्थान दिले. संस्कृतज्ञांच्या मक्तेदारीच्या काळात हे मोठे काम होते, आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण साक्षात्कार ही त्या ग्रंथाची कसोटी असल्यामुळे चोखोबांची भक्ती आत आली आणि विटाळाविषयीचा त्यांचा प्रश्न उंबरठ्यावरच राहिला. देहाची उत्पत्ती सर्वांची एकच असता शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, हा प्रश्न गाऱ्हाण्याचा नाही. तो ज्ञानाचा आणि प्रमाणाचा आहे. ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलने'त हेच केले. स्त्रीवर लादलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषाला लावून पाहावा, आणि एकाच कृतीला दोन मापे का, असे विचारावे, ही त्यांची रीत शुद्ध तर्काची आहे.

यावर असा आक्षेप येईल की अशाने शास्त्राची पातळी खालावेल, आणि समाजसुधारकांना केवळ सहानुभूतीपोटी तत्त्वज्ञ म्हणावे लागेल. आक्षेप निराधार नाही. फुल्यांचा पुराणकथांवरून व शब्दव्युत्पत्तींवरून रचलेला इतिहास आज टिकणारा नाही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण परीक्षा कठोर असावी हे मान्य केले, तर परीक्षेला बसू देणे हेही ओघानेच आले. गोपाळ गुरू यांनी 2002 साली दाखवून दिले की आपल्या सामाजिक शास्त्रांत सिद्धांत रचणारे एक आणि अनुभव पुरविणारे दुसरे, अशी विभागणी पडली आहे. सुंदर सारुक्काई यांच्याबरोबर 2012 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, अनुभव ज्याचा त्यानेच सिद्धांत रचावा काय, या प्रश्नावर दोघांनी परस्परांशी मतभेद राखून वाद केला. त्या वादाची पद्धत अनुकरणीय आहे, कारण तेथे कोणी कोणाला हार घातला नाही आणि कोणी कोणाला बाहेरही ठेवले नाही.

भिलाईच्या हुडको वसाहतीत किंवा अन्यत्र राहणाऱ्या मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. ज्या छत्तीसगडात आपण नोकरीनिमित्त राहतो, तेथे 18 डिसेंबरला गुरू घासीदासांची जयंती होते आणि कचेऱ्या बंद राहतात. सत्यनाम हाच ईश्वर मानणारा, मूर्ती आणि जातिभेद दोन्ही नाकारणारा हा पुरुष गिरौदपुरीस 1756 साली जन्मला. त्याचा 'सतनाम' आणि फुल्यांचा 'सत्यधर्म' यांत सत्य या शब्दाचा अर्थ एकच आहे काय? सत्य हे नाव आहे, वर्तन आहे, की ज्ञानाचा गुण आहे? घासीदासांनी ग्रंथ लिहून ठेवला नाही, म्हणून हे काम अवघड आहे. पण मराठी आणि छत्तीसगढी दोन्ही कानांवर पडणाऱ्या माणसाइतकी त्याची सोय दुसऱ्या कोणास आहे?

तात्पर्य, फुल्यांना तत्त्वज्ञानाच्या वर्गात आणावयाचे, तर त्यांच्या तसबिरीबरोबर त्यांचा ग्रंथ आणावा लागेल, आणि शंकराचार्यांना जितके कठोर प्रश्न विचारतो तितकेच त्यांनाही विचारावे लागतील. त्यांचे काही म्हणणे त्यात पडेल, काही टिकेल. जे टिकेल त्याला मग कोणाच्या औदार्याची गरज राहणार नाही.