स्टाइनबेकच्या गावात शेतमजुरांचे नाटक

जॉन स्टाइनबेक हा आमच्या महाविद्यालयांतून 'श्रमिकांचा कैवारी कादंबरीकार' म्हणून शिकविला जातो. मला तो तसाच शिकविला गेला, आणि पहिली काही वर्षे मीही तो तसाच शिकविला. घरात पहिलाच पदवीधर झालेला माझ्यासारखा मुलगा वर्गात बसून एखाद्या गोऱ्या लेखकाच्या पुस्तकात मजूर, मुकादम, उपासमार असे शब्द वाचतो तेव्हा त्याला वाटते, हा माणूस आपला आहे. हे वाटणे खोटे नसते. पण ते अपुरे असते. या कादंबऱ्यांत राबणारे हात कोणाचे आहेत, आणि प्रत्यक्ष त्या मातीत राबत होते ते हात कोणाचे होते, हा प्रश्न आमच्या प्राध्यापकांनी आम्हाला कधी विचारला नाही. आस्वादक समीक्षेला अशा प्रश्नांची गरजच नसते. आपल्याला ती आहे.

स्टाइनबेकचा जन्म १९०२ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॉन्टेरी काउंटीत, सॅलिनास गावी झाला. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजावा. या जिल्ह्याचे उघड उघड दोन भाग आहेत. एक समुद्राकडचा : कार्मेल, पॅसिफिक ग्रोव्ह, मॉन्टेरी. तेथे चित्रकारांच्या वसाहती, १९५८ पासूनचा जॅझ महोत्सव, श्रीमंतांचे बंगले. दुसरा आतल्या अंगाचा, सॅलिनास नदीच्या खोऱ्याचा : मैलोगणती लेट्यूसची शेते आणि ती तोडणारी वाकलेली माणसे. एका भागात कला, दुसऱ्या भागात श्रम, अशी वाटणी पर्यटकाला दिसते. ती फसवी आहे. पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावर पॉइंट अलोन्स येथे चिनी कोळ्यांची वस्ती होती. १६ मे १९०६ रोजी ती आगीत जळाली आणि त्या माणसांना तेथे पुन्हा घरे बांधू दिली गेली नाहीत. त्याच गावात १९०५ पासून कंदिलांचा उत्सव सुरू होता, आणि पुढे त्यात चिनी राजकन्येच्या कथेचे सोंग मुख्यतः गोऱ्या मुली वठवीत. माणसे हाकलायची आणि त्यांचे कंदील ठेवून घ्यायचे! नगरपरिषदेने माफी मागितली ती २०२२ मध्ये.

आता स्टाइनबेककडे वळू. 'ऑफ माइस अँड मेन' ही १९३७ ची छोटी कादंबरी याच खोऱ्यात, सोलेडाड गावाजवळच्या शेतावर घडते. तिच्यातला क्रूक्स हा काळा मोतद्दार आमच्या विद्यार्थ्यांना लगेच कळतो. त्याला टीप लागत नाही. बाकीचे मजूर एका खोपीत झोपतात, पत्ते खेळतात. क्रूक्स तबेल्याला लागून असलेल्या, घोड्यांचे सामान ठेवण्याच्या खोलीत एकटा राहतो. त्याला पत्त्यांच्या डावात घेत नाहीत. गावकुसाबाहेरचे घर काय असते हे माझ्या वर्गातील निम्म्या मुलांना ठाऊक असल्यामुळे या प्रकरणावर मी कधी फार बोलत नाही, नुसते वाचतो. वर्ग शांत होतो. स्टाइनबेकने येथे जे केले ते खऱ्या लेखकाचे काम आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या शेतावर क्रूक्स एकटाच का? ही कादंबरी लिहिली गेली त्या दशकात सॅलिनासच्या लेट्यूसमध्ये फिलिपिनो मजुरांचे तांडेच्या तांडे राबत होते. १९३४ साली त्यांनी आपल्या स्वतंत्र संघटनेच्या नावाने संप केला, तेव्हा सशस्त्र टोळ्यांनी त्यांची छावणी जाळली. स्टाइनबेकच्या जन्मगावाजवळ ही जाळपोळ झाली. तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीत त्या माणसांपैकी एकही नाही, आणि मेक्सिकन मजूरही नाही. १९३६ च्या 'इन ड्युबिअस बॅटल'मध्ये तर संपच विषय आहे. या कादंबरीला १९३३ च्या कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या संपांचा आधार आहे. त्यांतल्या सर्वात मोठ्या, कापूस वेचणाऱ्यांच्या संपात बहुसंख्य मजूर मेक्सिकन होते. कादंबरीत येताना ते गोरे झाले.

कोणी म्हणेल, कलावंताला आपली पात्रे निवडण्याचे स्वातंत्र्य असते. मान्य. पण १९३६ सालीच स्टाइनबेकने एका वृत्तपत्रासाठी स्थलांतरित मजुरांवर लेखमाला लिहिली होती, आणि ते कादंबरी नव्हे, वास्तवाचे कथन होते. त्यात चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो असे मजूर एकामागून एक कसे आणले गेले व कसे पिळून टाकले गेले याची हकीकत येते. म्हणजे त्याला सारे ठाऊक होते. मात्र त्याचा युक्तिवाद असा की, आता आलेले लोक जुन्या अमेरिकन वंशाचे आहेत, म्हणून त्यांना परदेशी मजुरांसारखे वागविणे चालणार नाही. हीच लेखमाला १९३८ मध्ये पुस्तिका म्हणून निघाली तेव्हा तिच्या शीर्षकाचा अर्थ होता, 'त्यांचे रक्त कसदार आहे'. रक्ताची ही भाषा आपल्या कानांना फार ओळखीची आहे. करुणा आहे, पण ती बिरादरीतल्या माणसावर कोसळलेल्या दुःखाची आहे. जो पूर्वीपासूनच खाली आहे त्याचे दुःख तिला स्वाभाविक वाटते. 'ग्रेप्स ऑफ राथ' ही १९३९ ची कादंबरी केर्न काउंटीच्या सत्ताधाऱ्यांनी ग्रंथालयांतून बाद केली, जमीनदारांनी लेखकाला शत्रू मानले, हे सारे खरे. आमच्या मराठी ग्रामीण साहित्याचीही हीच गत नाही काय? कुणब्याच्या दुष्काळावर डोळे ओले करणारी लेखणी महारवाड्याच्या बारमाही दुष्काळापाशी येऊन कोरडी पडते.

सॅलिनासच्या पूर्वेला अलिसाल नावाची वस्ती आहे. तीसच्या दशकात ओक्लाहोमाकडून आलेले ते गोरे निर्वासित तेथेच उतरले. पुढच्या पिढीत ते मुकादम झाले, दुकानदार झाले, वस्ती सोडून गेले. त्यांच्या जागी मेक्सिकन आले आणि खाली राहिले. १९४२ ते १९६४ या काळात सरकारी करारानेच मेक्सिकोतून 'ब्रासेरो' मजूर आणले जात. १७ सप्टेंबर १९६३ रोजी चुआलर गावाजवळ अशा मजुरांनी भरलेल्या वाहनाला रेल्वेगाडीने धडक दिली. ३२ जण मेले. ती बस नव्हतीच. मालट्रकला बाके ठोकून केलेले ते वाहन होते.

याच खोऱ्यात एक हत्यार वापरले जाई; मजूर त्याला 'एल कोर्तितो', म्हणजे 'आखूडसे', म्हणत. वीतभर-हातभर दांड्याचे कुदळे. त्याने काम करायचे तर दिवसभर कमरेत वाकूनच राहावे लागे. लांब दांड्यानेही तेच काम झाले असते. पण आखूड दांड्याचा एक गुण मालकाला प्रिय होता. कोण क्षणभर ताठ उभा राहिला ते मुकादमाला लांबूनही दिसे. मणक्यांचे वाटोळे झालेल्या मजुरांच्या वतीने वकील लढले आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे हत्यार बंद झाले. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपत आली. खुरप्याचा दांडा आखूड का, असा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

या वाकलेल्या माणसांनी स्वतःचे नाटक केले. १९६५ साली डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील संप सुरू असताना लुईस वाल्डेझ या शेतमजुराच्या मुलाने संपकऱ्यांनाच घेऊन 'एल तेआत्रो काम्पेसिनो', म्हणजे 'शेतमजुरांचे नाटक', उभे केले. रंगमंच म्हणजे ट्रकचा उघडा हौदा. नेपथ्य नाही, संहिताही बहुधा नाही. गळ्यात पाट्या : हा 'संपकरी', हा 'संपफोड्या', हा 'मालक'. मालकाच्या तोंडावर डुकराचा मुखवटा. 'मालकाचे दोन चेहरे' अशा अर्थाच्या नाटुकल्यात मालक गंमत म्हणून मजुराला आपला मुखवटा देतो, आणि मुखवटा चढताच सत्ता बदलते. खऱ्या मालकाला कोणी ओळखत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ! पण मालकपणा हा रक्तात नसून मुखवट्यात असतो, हे तो सांगून जातो. स्टाइनबेकच्या लेखमालेला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

ज्याने आंबेडकरी जलसा पाहिला वा निदान ऐकला आहे, त्याला हा प्रकार परका वाटणार नाही. भीमराव कर्डकांच्या आणि इतरांच्या जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला, गणातला गणपती काढला, गवळणीतली छेडछाड काढली, आणि बतावणीत गावचा पाटील, भट, सावकार उभा केला. तेथेही दिवसा राबणारी माणसेच रात्री नट होत. आमचे समीक्षक त्याला 'प्रचार' म्हणाले. अमेरिकेतही तोच शब्द वापरला गेला. प्रचार कशाचा, कोणाविरुद्ध, आणि प्रेक्षक घरी जाऊन सकाळी काय करतो, हे पाहिल्याशिवाय तो शब्द शिवीसारखा फेकणे ही समीक्षा नव्हे.

१९६७ मध्ये ही मंडळी संघटनेपासून वेगळी झाली आणि १९७१ मध्ये मॉन्टेरीला लागूनच असलेल्या सॅन बेनिटो काउंटीतील सान हुआन बाउतिस्ता गावी स्थिरावली. त्याआधीच्या वर्षी सॅलिनास पेटले होते. मळेवाल्यांनी मजुरांना न विचारता दुसऱ्याच संघटनेशी करार केले, म्हणून ऑगस्ट १९७० मध्ये हजारो मजुरांनी लेट्यूस सोडून दिला. सेझर चावेझ डिसेंबरात सॅलिनासच्या तुरुंगात होते. नाटक मात्र हळूहळू संपाकडून पुराणकथेकडे, आणि दर नाताळात गावच्या जुन्या मिशन चर्चमध्ये होणाऱ्या धार्मिक खेळांकडे वळले. १७९७ साली स्थापन झालेले हे मिशन तेथील मूळ आदिवासींच्या वेठीच्या श्रमांवर उभे राहिले, आणि हजारो आदिवासी त्याच्याच आवारात पुरलेले आहेत. त्या भिंतींच्या आत कुमारिका मातेच्या साक्षात्काराचा खेळ करताना नाट्यमंडळीला अवघडल्यासारखे झाले असेल काय? मजुरांची श्रद्धा तीच होती, हे उत्तर दिले जाते. श्रद्धा तीच असते म्हणून तर बाबासाहेबांना १९५६ करावे लागले.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. १९७८ चे 'झूट सूट' आणि १९८७ चा 'ला बाम्बा' चित्रपट यांनी वाल्डेझ यांचे नाव जगभर झाले. योलांडा ब्रॉयल्स-गोन्झालेझ यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, सामूहिक रचनेतून जन्मलेल्या या रंगभूमीचा इतिहास एका पुरुषाचे चरित्र म्हणून लिहिला गेला, आणि त्यात स्त्री-कलावंत बाजूला पडल्या. नाटकांतही त्यांच्या वाट्याला आई, बहीण, प्रेयसी अशा ठरीव भूमिका आल्या. वाल्डेझ यांच्याविषयीचा आदर मनात ठेवूनही हे मान्य करावे लागते. आमच्या जलशांचा इतिहास लिहिताना आपण शाहिरांची नावे देतो. झीलकऱ्यांची, ढोलकी वाजविणाऱ्याची, फडाला रात्री भाकरी घालणाऱ्या बायांची नावे किती वहीत आहेत?

कलेचा प्रश्न सत्तेच्या प्रश्नापासून सुटा करता येत नाही, म्हणून मतपेटीविषयी थोडे. या पट्ट्यातील अनेक संस्थांच्या निवडणुका सरसकट साऱ्या गावच्या मतांनी होत. शेजारच्या वॉट्सनव्हिलमध्ये जवळपास निम्मी वस्ती लॅटिनो असूनही त्यांचे उमेदवार वर्षानुवर्षे पडत राहिले. १९८८ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरविली आणि वॉर्ड आले. मॉन्टेरी काउंटीने आपली छोटी न्यायालयीन क्षेत्रे मोडून साऱ्या काउंटीचे एक केले, तेही मतदान हक्क कायद्याप्रमाणे लागणारी केंद्राची पूर्वसंमती न घेता. ते प्रकरण १९९६ आणि १९९९ असे दोनदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि शेवटी लॅटिनो मतदारांच्या बाजूने सुटले. पूर्वसंमतीची ती तरतूद २०१३ च्या निकालाने निष्प्रभ झाली. पुणे करार ज्याने वाचला आहे त्याला यातले गणित समजावून सांगावे लागू नये. फरक एवढाच की, अलिसालमध्ये माणसे एकवट राहतात, म्हणून वॉर्ड पाडले की त्यांचा माणूस निवडून येतो. आमची घरे प्रत्येक गावाच्या कडेला चार-चार, दहा-दहा. वॉर्ड कसाही पाडा, आपण त्यात थोडेच. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी का होती, हे अलिसालच्या नकाशावरून मी विद्यार्थ्यांना अधिक सोपे करून सांगू शकलो.

१९९८ मध्ये सॅलिनासच्या मुख्य रस्त्यावर स्टाइनबेकच्या नावाचे भव्य केंद्र उघडले. सहाच वर्षांनी, २००४ मध्ये, पैसा नाही म्हणून नगरपालिकेने गावची तिन्ही सार्वजनिक ग्रंथालये बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यांत एक स्टाइनबेकच्याच नावाचे, आणि एक अलिसालमधील, चावेझ यांच्या नावाचे, जेथे मजुरांची मुले शाळेनंतर येऊन बसत. देणग्यांवर ती कशीबशी तगली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये मतदारांनी स्वतःवर अर्धा टक्का विक्रीकर बसवून घेतला तेव्हा वाचली. २०२० च्या जनगणनेत या गावात दर पाचांत सुमारे चार माणसे लॅटिनो होती.

आपला या किनाऱ्याशी संबंध केवळ वाचनाचा नाही. येथून उत्तरेला ओकलंडमध्ये १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथरचे नाव आपल्या तरुणांनी १९७२ मध्ये मुंबईत घेतले. ज्या विद्यापीठाच्या मॉन्टेरी बे येथील शाखेत वाल्डेझ यांनी सुरुवातीच्या काळात शिकविले, त्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. राज्याच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये तसाच कायदा संमत केला. गव्हर्नरांनी तो नाकारला. म्हणजे आपली माणसे तेथे पोहोचली, आणि आपला मुखवटा घालणारेही पोहोचले.

पुढील सत्रात मला पुन्हा 'ऑफ माइस अँड मेन' शिकवायची आहे. या वेळी तिच्याबरोबर कार्लोस बुलोसान या फिलिपिनो मजूर-लेखकाचे १९४६ चे 'अमेरिका इज इन द हार्ट' वाचायला सांगणार आहे. अभ्यासक्रमात ते नाही. ग्रंथालयातही नाही, मागणीपत्रक भरून दिले आहे.