प्रार्थनेतील दंभ आणि निष्कपटता : लूककृत शुभवर्तमान व 'हॅम्लेट'

ख्रिस्ती प्रार्थनेतील खरेखोटेपणाची चर्चा पुष्कळदा बाह्य लक्षणांवरच थांबते. चारचौघांतील प्रार्थना दांभिक आणि एकांतातील खरी, पाठ केलेली निर्जीव आणि उत्स्फूर्त सजीव, अशी विभागणी केली जाते. प्रस्तुत लेखात ही विभागणी मूळ संहितांच्या आधारे तपासली आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू दिखाऊ प्रार्थनेचा व पोकळ शब्दबाहुल्याचा निषेध करतो. परंतु त्याच ठिकाणी शिष्यांना ठरावीक शब्दांची प्रार्थनाही शिकवतो. अर्थात आक्षेप ठरावीक शब्दांवर नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील परूशी व जकातदार यांचा दाखला याहून सूक्ष्म आहे. आठवड्यातून दोनदा उपवास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, हे परूश्याचे म्हणणे दाखल्यात कोठेही खोटे ठरवलेले नाही. त्याच्या प्रार्थनेत असत्य नाही. पण याचनाही नाही. आभाराच्या मिषाने तो स्वतःची इतरांशी तुलना करतो. जकातदार मात्र दूर उभा राहून केवळ दया मागतो. 'आपण त्या परूश्यासारखे नाही' असे वाचकाच्या मनात येताच तोही परूश्याचीच प्रार्थना म्हणू लागतो. दाखल्याच्या निव्वळ नीतिपर वाचनात हा पेच हरवतो.

आगरकरांच्या 'विकारविलसित'मुळे मराठी वाचकाला परिचित झालेल्या 'हॅम्लेट'मध्ये (अंक 3, प्रवेश 3) याची दुसरी बाजू दिसते. क्लॉडियस एकांतात गुडघे टेकतो. भावाच्या खुनाने मिळालेले राज्य व राणी जवळ ठेवून क्षमा मिळणार नाही, हे तो जाणतो. तरीही काहीच सोडत नाही. हॅम्लेट त्याची मुद्रा पाहून फसतो आणि सूड लांबणीवर टाकतो. परूश्याला आपला दोष दिसत नाही. क्लॉडियसला तो पुरता दिसतो. म्हणजे आत्मज्ञानही पुरेसे नाही.

मग जकातदाराने तरी काय सोडले? दाखला याविषयी मौन बाळगतो. परंतु पुढच्याच, 19व्या, अध्यायात जक्कय हा मुख्य जकातदार अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे जाहीर करतो. तेथे प्रार्थनेचा शब्दही नाही. हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

सारांश, प्रार्थनेची निष्कपटता स्थळ, मुद्रा वा शब्द यांवरून बाहेरच्याला ठरवता येत नाही. प्रार्थना करणारा काय सोडावयास तयार आहे, हीच तिची कसोटी. आणि ती दुसऱ्याला लावण्याआधी स्वतःला लावावयाची आहे.