जिभेवरचे फोड आणि ‘चार दिवसांत गुण’

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर वलगाव येते. पेढी नदीकाठचे हे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच गावाजवळ. इथल्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर वर्तमानपत्राच्या पुरवणीतले एक कात्रण टाचलेले दिसले. विषय होता जिभेवरचे फोड, त्यांची कारणे आणि घरगुती उपाय. कागद पिवळा पडला होता, म्हणजे बरेच दिवस वापरात असावा.

“पोरायच्या जिभेवर फोड आले की आमी यातलंच सांगतो सर,” एक बाई म्हणाल्या. “चार दिवसांत गुण येते.”

आज या कात्रणाचेच परीक्षण करायचे आम्ही ठरवले आहे. पुस्तकांची परीक्षणे होतात, कात्रणांची कोणी करत नाही. पण शाळेतल्या किती मुलांच्या तोंडात काय जाते, हे पुस्तकांपेक्षा अशी कात्रणे अधिक ठरवतात.

आधी चांगले काय ते सांगू. भाषा सोपी आहे. महागडे औषध कुठेही सुचवलेले नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, फोडावर साजूक तूप, तिखट व फार गरम खाणे काही दिवस बंद, हे सगळे निरुपद्रवी आहे आणि त्याने बरेही वाटते. तुपाचा थर बसला की उघड्या पडलेल्या भागाला अन्नाचा स्पर्श कमी होतो. जाईचा पाला, पेरूची कोवळी पाने आणि कात यांत टॅनिन असते. ते लाळेतल्या व त्वचेवरच्या प्रथिनांना धरून ठेवते आणि पृष्ठभाग आवळल्यासारखा होतो. आपण ज्याला तुरटपणा म्हणतो तो हाच. आजीबाईचा बटवा थट्टेवारी नेण्याचा आमचा विचार नाही.

पहिला दोष असा, की ‘फोड’ या एका शब्दाखाली कात्रणाने निदान पाच वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. त्यातली पहिली तर आजारच नव्हे. आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढली की अगदी मागे, घशाजवळ, उलट्या व्ही अक्षरासारखी आठ ते बारा मोठ्या उंचवट्यांची रांग दिसते. हे अंकुरक. ते प्रत्येकाला असतात. घसा दुखला म्हणून मनुष्य पहिल्यांदा आरशात डोकावतो, ही रांग पाहतो आणि घाबरतो. जिभेच्या टोकाकडे विखुरलेले तांबूस ठिपके हेही अंकुरकच, छत्रीच्या आकाराचे. बाकीची जीभ बारीक धाग्यांसारख्या अंकुरकांनी खरखरीत झालेली असते. या धाग्यांत चव ओळखणाऱ्या रुचिकलिका नसतात, इतरांत असतात. ज्याला काही झालेलेच नाही त्याने मध लावला, तर त्याला गुण येणार कसला?

दुसरी गोष्ट म्हणजे चावल्याने, भाजल्याने किंवा टोकदार दात घासल्याने एखादा अंकुरक सुजणे. तो दोन-चार दिवसांत बसतो. तिसरी म्हणजे ‘तोंड येणे’, पांढुरक्या तळाचे व लाल कडांचे दुखरे व्रण. लहान व्रण एक ते दोन आठवड्यांत आपोआप भरतात. चौथी गोष्ट जंतूंची : तान्ह्या मुलांच्या जिभेवरचा बुरशीचा पांढरा थर, किंवा लहान मुलांत तोंडाबरोबर हातापायांवरही उठणारे विषाणूंचे फोड. लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर जीभ उलट गुळगुळीत, लाल आणि झोंबरी होते. तिथे तूप लावून काय होणार? पाचवीकडे नंतर येऊ. लेखाचे खरे कारण तीच आहे.

दुसरा दोष विज्ञानाच्या शिक्षकाने पकडायलाच हवा असा आहे. कात्रणात नऊ उपाय आहेत आणि नवांच्याही शेवटी दोन-चार दिवसांत गुण येतो असे आश्वासन आहे. नऊ वेगवेगळ्या पदार्थांना सारखाच वेळ का लागावा? मध, तुरटी आणि गुलकंद यांत रासायनिकदृष्ट्या काय साम्य आहे? काहीच नाही. साम्य फोडात आहे. समजा एक व्रण सात दिवसांत बरा होतो. पहिल्या दिवशी आपण लक्ष देत नाही. दुसऱ्या दिवशी तो सलतो. तिसऱ्या दिवशी जेवण जात नाही, मग आपण उपाय शोधतो. सातातून तीन गेले, उरले चार. चार दिवसांत गुण! उपाय नेहमी त्रासाच्या शिखरावर सुरू होतो आणि शिखरानंतर उतारच असतो. तोंडाचे अस्तर कातडीपेक्षा पुष्कळ जलद नवे होते, रुचिकलिकांतल्या पेशी तर साधारण दहा दिवसांत बदलतात. हा उतार शरीराचा आहे, श्रेय मात्र बरणीला मिळते.

उपायाचा मुळीच उपयोग होत नाही, असे यातून सिद्ध होत नाही. उपाय केलेला आणि न केलेला, दोन्ही रकाने शेजारी ठेवल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही, एवढेच सिद्ध होते. कात्रणात दुसरा रकाना नाही.

तिसरा दोष कारणांचा. सहापैकी पहिले कारण ‘उष्णता वाढणे’ असे दिले आहे. ही समजूत कुठून आली असावी, हे आता बरेच कळले आहे. तिखटातले कॅप्सेसिन जिभेतल्या चेतातंतूंच्या ज्या ग्राहकावर बसते, तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये तो शोधला. त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे वऱ्हाडी ठेचा खाऊन ‘आग झाली’ म्हणणारा खोटे बोलत नाही, मेंदूला खरोखर आगीचाच निरोप जातो. पण निरोप म्हणजे कारण नव्हे. जिभेला आग जाणवली म्हणून अंगात उष्णता साठली आणि तिने फोड आणले, हा निष्कर्ष एक पायरी गाळून काढलेला आहे.

पायऱ्या गाळण्याचा दोष पुरवणीचाच आहे असे मात्र नाही. टोकाला गोड, मागे कडू, कडांना आंबट-खारट असा जिभेचा नकाशा आपण वर्षानुवर्षे फळ्यावर काढला. १९०१ मध्ये जर्मनीत हेनिग यांनी जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत अगदी थोडे फरक मोजले होते. १९४२ मध्ये बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखातून ते फरक मोठे भासू लागले आणि पुढे त्यांच्या सीमारेषाच झाल्या. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजले, तेव्हाही फरक किरकोळच निघाले. टोकावर मिठाचा खडा ठेवला तर काय लागते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. तरी वर्गात किती जणांनी पाहिले? आम्हीही विद्यार्थी असताना तो नकाशा काढून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

चौथा दोष मात्र धोक्याचा आहे. कात्रण कोणाचेही वय विचारत नाही. बाळाच्या तोंडात टाकणखाराची लाही मधातून लावणे हा आपल्याकडचा जुना परिपाठ, तोही त्यात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. १९८३ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात, चोखणीला मध-बोरॅक्सचे मिश्रण लावल्यामुळे झटके येऊ लागलेल्या सात बाळांची नोंद आहे. नुसता मधही वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. त्यातून बॉट्युलिनम जंतूंची बीजे पोटात जाऊ शकतात, आणि एवढ्या लहान आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात. मोठ्यांसाठी निर्धोक असलेली वस्तू बाळाला निर्धोक असेलच असे नाही, ही एक ओळ कात्रणात बसली नसती काय?

आता पाचवी गोष्ट. कात्रणाच्या सहा कारणांत ‘व्यसने’ हा शब्द सर्वांत शेवटी, एकटाच उभा आहे. वऱ्हाडात तो पहिला यायला हवा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळणारा खर्रा वाचकांना सांगायला नको. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा घोटला जातोच आहे. त्यातली सुपारी तोंडाच्या अस्तराखाली तंतू वाढवते. अस्तर पांढुरके, ताठ होत जाते, तोंड उघडणे कमी होते, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांत हा आजार वर्णिला, आणि पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांत. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यातून पुढे काहींना कर्करोग होतो. तंबाखू नसली तरी एकटी सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला. तो अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या आजाराची सुरुवात कशी होते? तिखट सोसेनासे होते, तोंडात जळजळ होते, कधी बारीक फोड येतात. म्हणजे कात्रणातली ‘उष्णता’ हुबेहूब! त्यावर कात्रणाचा उपाय गुलकंद. जळजळ थोडी शमते आणि खर्रा चालू राहतो.

त्या दुपारी आम्ही दहावीच्या वर्गात आरसे आणि बॅटरी घेऊन अंकुरक पाहण्याचा तास घेतला. मुले खूश होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र जीभ नीट बाहेर काढत नव्हता. लाजत असेल असे आम्हाला वाटले आणि आम्ही पुढे गेलो. वर्गशिक्षक मागे थांबले. त्यांनी त्याला बाजूला घेऊन तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालायला सांगितले. दोनच गेली. खिचडीतली मिरची त्याला कित्येक महिने चालत नव्हती. घरी जिरे-साखर आणि तूप सुरू होते. दुसऱ्या दिवशी वडिलांसह त्याला दंतवैद्याकडे पाठवण्यात आले. एकदा ताठरलेले अस्तर पूर्ववत मऊ होणे कठीण असते. पण खर्रा सुटला तर पुढची वाढ रोखण्याची संधी राहते. मुलाने तो सोडला की नाही, हे विचारायला आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्याच्या तोंडाकडे पाहायला हवे होते तो आमच्या नजरेसमोरून गेला, हे इथे नोंदवून ठेवतो.

नुसत्या पाहण्याने काय होते, याचा पुरावा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींत मोठा प्रयोग झाला. काही पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन चांगल्या उजेडात तोंड पाहत, बाकीच्यांत नेहमीचीच व्यवस्था होती. हाच तो दुसरा रकाना! २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या पंचायतींत सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. बॅटरी आणि शिकवलेली नजर त्यांना पुरली.

ही नजर शाळेत शिकवता येते. पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा, जिभेच्या टोकाला खाण्याचा निळा रंग किंचित लावून भोक त्यावर ठेवा आणि आतले गुलाबी ठिपके मोजा. ते छत्रीसारखे अंकुरक. मुलागणिक संख्या वेगळी येईल, त्याचा आलेख काढा. कागद मात्र प्रत्येकाला नवा. दुसरे काम वर्षभराचे. ज्याला फोड येईल त्याने वहीत तारीख, घरी काय लावले आणि बरे झाल्याची तारीख लिहायची. काहीच न लावणाऱ्यांचीही नोंद हवी. वर्षाअखेर दोन्ही रकान्यांचे दिवस मुलांनीच मोजावेत. उत्तर काय येईल ते आधी सांगू नका. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. त्यांच्या शेवटच्या मुक्कामाच्या गावात ही पद्धत परकी वाटू नये.

निघताना बाईंनी विचारले, “मंग हे कात्रण काढून टाकू का सर?” आम्ही नको म्हणालो. त्याच्याखाली एक कोरा कागद लावून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले :

वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, टाकणखार कोणालाच नाही.

फोड, चट्टा किंवा गाठ तीन आठवड्यांत गेली नाही तर, दुखत नसली तरी, दवाखान्यात दाखवा.

तीन बोटे तोंडात जात नसतील तर आजच दाखवा, आणि खर्रा आजच सोडा.

या तीन ओळी आपल्याही फलकावर लावाव्यात.