डिजिटल दप्तर आणि अदृश्य संपादक

जुन्या कागदांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकात साठविणे, त्यांच्या नोंदी करणे आणि त्या अभ्यासकांच्या हाती देणे हे आता विद्यापीठीय ग्रंथालयाचे नित्याचे काम झाले आहे. हे काम करणाऱ्यास डिजिटल अभिलेखपाल म्हणतात. त्याच्या कार्याविषयी आपल्याकडे दोन समज रूढ आहेत. हे काम यांत्रिक स्वरूपाचे आहे, विद्वत्तेशी त्याचा संबंध नाही, हा पहिला. या सोयीमुळे निवड करणाऱ्या संपादकाची गरजच उरली नाही, सबंध दप्तरच आता अभ्यासकापुढे आले, हा दुसरा. हे दोन्ही समज एकाच चुकीतून जन्मास आले आहेत. डिजिटल दप्तरातून संपादक नाहीसा होत नाही. तो अदृश्य होतो, आणि जो दिसत नाही त्याची चिकित्सा करता येत नाही. हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोल्हापुरात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहाससंशोधक होते. त्यांनी संपादिलेली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ विद्यापीठाने १९६९ पासून प्रसिद्ध केली, आणि पुढे राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंडही येथूनच निघाले. म्हणजे मूळ साधने चिकित्सापूर्वक छापून अभ्यासकांपुढे ठेवणे हा या विद्यापीठाचा आरंभापासूनचा व्यवसाय आहे.

या परंपरेचे मूळ अर्थातच अधिक जुने आहे. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधीत सिद्ध केले. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतील अनुमाने पुढील अभ्यासकांनी खोडून काढली. सरदेसायांच्या निवडीत राजकारणास जेवढे स्थान मिळाले तेवढे अर्थव्यवहारास मिळाले नाही, असा आक्षेप घेता येतो. परंतु हे आक्षेप शक्य होतात ते संपादकाने आपले नाव घालून निवड केली म्हणून. निवड झाली आहे हे वाचकास ठाऊक असते. न निवडलेला कागद दप्तरात शिल्लक आहे हेही ठाऊक असते.

डिजिटल संग्रहात स्थिती उलट होते. तेथे अभ्यासक एखादा शब्द लिहून शोध घेतो आणि जे निघेल तेच दप्तर असे धरून चालतो. परंतु मोडी कागदाची प्रतिमा ही संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. पण अक्षरास संकेतांक मिळणे वेगळे आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे जलद, जोडून लिहिलेले हस्ताक्षर यंत्राने बिनचूक वाचणे वेगळे. सबब व्यवहारात शोध लागतो तो कागदातील मजकुराचा नव्हे, अभिलेखपालाने लिहिलेल्या नोंदीचा. नोंदीत जे नाही ते अभ्यासकापुरते दप्तरातही नाही.

याचे एक उदाहरण पाहू. शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटातून जाहीर केला. तो छापील असल्याने सहज सापडतो. पण हुकूम निघणे आणि अंमलात येणे यांतील अंतर मोजावयाचे तर नेमणुकांचे तक्ते, उमेदवारांचे अर्ज, खात्याखात्यांतील शेरे यांकडे वळले पाहिजे. अशा कागदांच्या गठ्ठ्यावर जर ‘किरकोळ अर्ज’ एवढेच लिहिले, तर अर्जदाराचे नाव, गाव, जात आणि त्याला मिळालेले उत्तर ही सारी एका शब्दाखाली पुरली जातात. पुढे कोणी विद्यार्थी ‘याविषयी पुरावा आढळत नाही’ असे प्रबंधात लिहितो. ते वाक्य प्रामाणिक असते, तथापि खरे नसते.

तिथीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. समजा, एका पत्रावर ‘सीत सबैन मया व अलफ, छ २० जिल्काद’ अशी मिती आहे. हा शुहूर सन ११७६ होय. त्यात ५९९ मिळविले की १७७५ येतात, आणि तारखेच्या रकान्यात तो आकडा भरून नोंदकर्ता मोकळा होतो. परंतु शुहूर वर्ष मृगापासून चालू होते. या वर्षातील जिल्कादची विसावी चंद्रतिथी जानेवारी १७७६ च्या मध्याच्या सुमारास पडते. उलट इसवी सन १७७५ मध्ये ही तिथी शोधू गेल्यास ती सापडते, पण आदल्या चांद्र वर्षाची, म्हणजे त्या सालच्या जानेवारीतली. एका आकड्याने पत्र एक वर्ष मागे जाते. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानंतरचे, पुरंदरच्या तहाच्या तोंडावरचे पत्र सुरतेच्या तहापूर्वीचे ठरते, आणि कार्यकारणभावाची सारी उभारणी उलटी होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी जंत्री रचण्याचे कष्ट घेतले ते याच कारणासाठी. मूळ मिती जशीच्या तशी, तिचे रूपांतर वेगळे, आणि रूपांतर कशावरून केले ते तिसरे, अशी तिन्ही अंगे नोंदीत असावयास हवीत.

कागदांच्या क्रमाचेही असेच आहे. राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच १८९८ साली म्युलर, फेथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांचे हस्तपुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या कचेरीत कागद निर्माण झाले तिची मूळ रचना मोडू नये, हे त्याचे मुख्य सूत्र. आपल्याकडे हे काम रुमाल करीत असे. एका रुमालात कोणते कागद एकत्र बांधले होते, हाच त्यांच्या परस्परसंबंधाचा पुरावा असे. सुटी प्रतिमा हा संबंध तोडते. कोऱ्या समजून वगळलेल्या पाठीमागच्या बाजूवर पोहोचल्याचा शेरा असू शकतो, किंवा दोन बंद जोडले तेथे उमटविलेला शिक्का असू शकतो. ती प्रतिमा न घेण्याचा निर्णय हाही संपादकीय निर्णयच होय.

यावर एक आक्षेप संभवतो. हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात अभिलेखपालास कागदांचा निःपक्षपाती रक्षक मानले. अर्थ लावणे हे इतिहासकाराचे काम, रक्षकाचे नव्हे. या मतातील संयम आदरणीय आहे, आणि उत्साही नोंदकर्त्याने आपली अनुमाने कागदावर लादू नयेत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु गठ्ठ्यास नाव देणे, मिती वाचणे, व्यक्ती ओळखणे यांतील एकही कृती अर्थ लावल्यावाचून होत नाही. जो अर्थ लावणे टाळता येत नाही तो निदान उघड असावा. नोंद कोणी केली, केव्हा केली, कोणता शब्द संशयित आहे, मागाहून कोणती दुरुस्ती झाली, हे वाचकास दिसले पाहिजे. छापील खंडात हे काम प्रस्तावना आणि तळटीप करीत. डिजिटल संग्रहात त्यांची जागा अद्याप बव्हंशी रिकामी आहे.

यातून आपल्या विभागापुरते दोन निष्कर्ष निघतात. विद्यार्थ्याने संग्रहाचा आधार घेताना केवळ प्रतिमेचा क्रमांक न देता रुमाल व नोंद यांचाही निर्देश करावा. आणि ‘आढळत नाही’ असे लिहिण्यापूर्वी कोणते शब्द घालून शोध घेतला ते सांगावे. दुसरा निष्कर्ष अध्यापकांसाठी आहे. हजार मोडी कागदांची सटीप, साधार नोंद करणे हे संपादनाच्या तोडीचे संशोधन आहे, आणि त्याचे मूल्यमापन त्याच मापाने व्हावे. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंनी साधनांच्या संपादनास आपली विद्वत्ता वाहिली, त्याने या कामास कारकुनी समजणे आपल्याच परंपरेशी विसंगत ठरेल.