शून्य परिकल्पनेचा ‘स्वीकार’

वाणिज्य शाखेच्या सांख्यिकीत माध्यविषयक परिकल्पनांच्या परीक्षणाचा सराव करताना आकडेमोड बहुधा निर्दोष असते. दोष शिरतो तो उत्तराच्या शेवटच्या वाक्यात. नेहमीच्या धर्तीचे उदाहरण घेऊ. पुड्याचे सरासरी वजन ५०० ग्रॅम असल्याचा उत्पादकाचा दावा, हीच शून्य परिकल्पना. १६ पुड्यांच्या नमुन्याचे माध्य ४९७ व प्रमाण विचलन ८ ग्रॅम आले. टी-मूल्य उणे १.५, १५ मुक्तिमात्रांसाठी, दोन्ही बाजूंच्या कसोटीत, ५ टक्के पातळीचे सीमामूल्य २.१३१. ‘म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली, दावा खरा आहे,’ असे विद्यार्थी लिहितो. आता दावा ४९५ ग्रॅमचा असता तर? टी-मूल्य १ येते, आणि तोही ‘खरा’ ठरतो! एकाच मालाची दोन सरासरी वजने कशी असतील?

हा घोटाळा गणिताचा नसून नकाराच्या व्याप्तीचा आहे. ‘वजन ५०० नाही, असे म्हणता येत नाही’ यातील दोन नकार एकमेकांस खोडीत नाहीत. पहिला वजनाविषयी आहे, दुसरा आपल्या पुराव्याविषयी. ‘नाही म्हणवत नाही’ असे रोज बोलणाऱ्या मराठी माणसास हा भेद शिकवावा लागू नये. परंतु ‘स्वीकार’ या पुस्तकी शब्दापाशी तो हरवतो. शून्य परिकल्पना कधीच सिद्ध होत नाही, हे फिशर यांनी १९३५ मध्ये बजावले होते. नेमन व एगॉन पिअर्सन यांनी १९३३ च्या निबंधात ‘स्वीकार’ म्हटले खरे, पण ते व्यवहारापुरत्या निर्णयाच्या अर्थाने: माल ठेवावा की परत पाठवावा. त्या अर्थी हा शब्द राहण्यास माझी हरकत नाही. मात्र त्यापुढील ‘दावा खरा आहे’ या वाक्यास परीक्षकाने गुण देऊ नयेत.