व्यंगदर्शन आणि संमती

वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा कोणत्याही अध्यापन-रुग्णालयात रुग्णाचे शरीर विद्यार्थ्यांपुढे मांडले जाते. मात्र त्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी आणि त्याने नकार दिल्यास उपचारांत उणेपणा येऊ नये, असे वैद्यकीय नीती सांगते. शरीराची उणीव लोकांपुढे मांडणारी दुसरी संस्था म्हणजे रंगभूमी. तेथे संमती कोणाची घ्यावयाची, हा प्रश्न आपल्या नाट्यसमीक्षेने क्वचितच विचारला आहे.

त्याचे एक कारण परंपरेत सापडते. नाट्यशास्त्रात हास्यरसाच्या विभावांमध्ये ‘व्यंगदर्शन’ गणलेले आहे. विदूषकही ठेंगणा, कुबडा, दात पुढे आलेला असा वर्णिला आहे. मराठीत तर ‘व्यंग’ हा शब्द शरीराच्या वैगुण्यालाही चालतो आणि ‘व्यंगचित्रा’तही येतो. उणीव दिसली की हसावयाचे, ही सवय अशी भाषेतच मुरलेली आहे.

या दृष्टीने देवेंद्र पेम यांचे ‘ऑल द बेस्ट’ (1993) हे नाटक पुन्हा तपासण्याजोगे आहे. एक आंधळा, एक बहिरा आणि एक मुका असे तीन मित्र एकाच तरुणीच्या प्रेमात पडतात. या नाटकाचे श्रेय आधी नोंदविले पाहिजे. अपंग पात्राला कारुण्याच्या चौकटीतून बाहेर काढून त्याने त्याला इच्छा, मत्सर आणि लबाडी बहाल केली. हे तिघे दयेचे याचक नाहीत, प्रतिस्पर्धी आहेत. ‘अपंगांची टिंगल’ एवढेच म्हणून हे नाटक निकालात काढणे अन्यायाचे होईल.

परंतु त्याच्या विनोदाची रचना पाहावी. मुक्याची खूण आंधळ्याला दिसत नाही, आंधळ्याचा शब्द बहिऱ्याला ऐकू येत नाही; प्रत्येकाच्या वाट्याला संवादाचा एकेक तुकडा येतो. सगळे तुकडे एकत्र जुळतात ते केवळ प्रेक्षकाच्या ठायी. म्हणजे हशा पिकतो तो प्रेक्षकाच्या सर्वेंद्रियसंपन्नतेच्या बळावर; ते हसू एका अर्थी स्वतःच्या धडधाकटपणाची पावती असते. याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. खुणांवर उभा असलेला विनोद अंध प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही, शब्दांवरचा बधिर प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. ज्यांच्याविषयी नाटक आहे, त्यांना संहितेने प्रेक्षागृहात खुर्चीच ठेवलेली नाही. पात्राची संमती मागता येत नाही हे खरे; पण ज्याने हसण्यात सामील होऊन ती अप्रत्यक्षपणे द्यावयाची, तोच येथे अनुपस्थित आहे.

8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘आँख मिचौली’ या चित्रपटाविषयीच्या निकालात अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंगांना हीन लेखणारा विनोद असा भेद केला. तो मोलाचा आहे. मात्र एकाच संहितेत हे दोन्ही विनोद एकमेकांत गुंतलेले असू शकतात, हे वरील नाटक दाखविते.

प्रत्यक्ष संमती असली म्हणजे प्रश्न सुटतो काय? फ्रान्समधील मान्युएल वाकेनहाइम या ठेंगण्या गृहस्थांनी, आपणास फेकण्याचा खेळ आपण स्वखुशीने करतो, असे सांगितले होते. तरीही 1995 मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, असा खेळ मानवी प्रतिष्ठेला बाधक म्हणून त्यावर बंदी घालता येते, असा निर्णय दिला. 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही त्यांचे गाऱ्हाणे मान्य केले नाही. काम हीच आपली प्रतिष्ठा, हा त्यांचा युक्तिवाद मात्र सहज झटकून टाकता येत नाही. प्रतिष्ठेची व्याख्या धडधाकटांनी करावी आणि उपजीविका अपंगाने गमवावी, ही व्यवस्थाही विचित्रच होय.

या पेचात वरोऱ्याच्या आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद वेगळी दिशा सुचवितो. डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या वृंदात अपंग कलावंत स्वतः गातात, वाजवितात, नाचतात. येथे कोणी कोणाचे सोंग घेत नाही. तरी समीक्षकाचा प्रश्न उरतोच: टाळी सुरासाठी पडते की उणिवेसाठी? आपण डोळे पुसत टाळ्या वाजवितो आणि एखादा स्वर हलला तर ऐकून न ऐकल्यासारखे करतो, तेव्हा गायकाला आपण कलावंत मानलेले नसते. दया ही येथे तुच्छतेचीच सोज्वळ बहीण ठरते.

म्हणून संमती म्हणजे एकदा दिलेला होकार नव्हे. अटी ठरविण्याचा, खेळ मध्येच थांबविण्याचा आणि त्यासाठी काहीही न गमावण्याचा तो अधिकार आहे. प्रतिष्ठेची कसोटी त्याहून साधी आहे. बेसूर झाल्यास ‘बेसूर’ म्हणवून घेण्याचा हक्क ज्याला मिळाला, तो प्रदर्शनीय वस्तू राहिला नाही. तो हक्क देण्याचे काम कायद्याचे नाही. ते समीक्षेचे आहे आणि आपण ते आजवर टाळले आहे.