हाली, कलदार आणि आपले प्रबंध

मंडळी, नांदेड-लातूरकडचा विद्यार्थी एम. ए.ला आर्थिक इतिहास घेतो तेव्हा आपण त्याच्या हातात काय देतो? दादाभाई, रमेशचंद्र दत्त, धनंजयराव गाडगीळ. ते वाचायलाच हवेत. पुढे 1875 चा सुप्याचा दंगा, 1879 चा दख्खन शेतकरी कायदा हेही शिकवतो आणि मग सांगतो, आता आपल्या जिल्ह्यावर प्रबंध लिही. अहो, पण 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता! तो कायदा इथं लागूच नव्हता. रयतवारी होती, पण दिवाणी मुलखात. जहागिरी आणि सर्फ-ए-खास यांचा कारभार निराळा. लातूर तर जिल्हाच 1982 चा, त्याचे जुने आकडे उस्मानाबादेत शोधावे लागतात.

आमची खरी तक्रार नाण्याबद्दल आहे. हैदराबादचा रुपया हाली सिक्का, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. आता समजा, इथल्या एका कुटुंबाचं कर्ज 350 हाली आणि सोलापूरकडचं 320 कलदार. दोन्हींपुढे नुसतं 'रुपये' लिहिलं, की मराठवाडा जास्त कर्जबाजारी ठरतो. हिशेब केला तर 350 हालीचे होतात 300 कलदार. निष्कर्षच उलटा! असे तक्ते आम्ही तपासलेत, आणि खरं सांगायचं तर एकदोन आमच्याही नजरेतून सुटलेत.

वर्षांचंही तसंच. फसली 1340 म्हणजे 1930-31. इथं एक वर्ष चुकलं तरी मंदीच्या आधीचा भाव मंदीत जाऊन बसतो.

साधनं नाहीत असं मात्र म्हणू नका. केशव अय्यंगारांनी 1929-30 मध्ये संस्थानाची आर्थिक पाहणी केली आणि वीस वर्षांनी, 1949-51 मध्ये, पुन्हा ग्रामीण पाहणी केली. माणूस तोच, मधे मंदी, महायुद्ध, पोलीस ॲक्शन. पदव्युत्तर विद्यार्थ्याला याहून चांगला विषय कोणता? पण दोन्ही पाहण्यांत गावं तीच आहेत का, 'कर्ज' कशाला म्हटलंय, हे आधी बघा. तुलना नंतर.

रेल्वेचंही बघा ना. नांदेड 1900 च्या सुमारास मीटरगेजवर आलं, लातूरला 1911 मध्ये बार्शी लाईटची अरुंद गाडी. मुंबईला जाणारा माल एकाचा मनमाडला बदलायचा, दुसऱ्याचा कुर्डुवाडीला. त्या उतरण-चढणीचा खर्च कापसाच्या भावातून किती गेला, हे आम्हाला अजून एकाही प्रबंधात दिसलेलं नाही. 1984 च्या दांडेकर समितीचा अनुशेष मात्र प्रत्येकात असतो, पहिल्याच पानावर.

आणि कागद उर्दूत आहेत ही सबब नांदेडात तरी सांगू नये. वर्गात शेजारच्या बाकावर उर्दू वाचणारी मुलगी बसलेली असते. तिला कुणी विचारलंय का?